रानाचा जमाखर्च आणि घरबसल्याची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. सराफाच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत किंवा छापखान्यातील जुळाऱ्याशेजारी तरुण मुलगा पहिले काही महिने नुसता बसत असे. पगार नाममात्र, बोलणी भरपूर. परंतु त्या बसण्यातूनच हात तयार होई, नजर तयार होई आणि एके दिवशी मालक त्याच्याकडे स्वतंत्र काम सोपवी. या व्यवहारात देणे-घेणे स्पष्ट होते. उमेदवार श्रम देई आणि त्याच्या बदल्यात धंद्याचे मर्म घेऊन बाहेर पडे. गुरू आणि शिष्य एका छपराखाली आहेत, आणि ज्या वस्तूचे काम शिकायचे ती वस्तू दोघांच्या मध्ये ठेवलेली आहे, या दोन गोष्टी त्यात गृहीतच होत्या.

आता या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. विद्यापीठांच्या परिपत्रकांत जिला ‘आंतरवासिता’ आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘इंटर्नशिप’ म्हटले जाते, ती उमेदवारी २०२० च्या महासाथीनंतर मोठ्या प्रमाणावर दूरस्थ झाली. लातूर किंवा चिपळूण येथील विद्यार्थिनी घरच्या टेबलावर संगणक मांडून दिल्लीच्या, बँकॉकच्या वा जिनिव्हाच्या संस्थेचे काम करू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कार्यानुभवाला अभ्यासक्रमात श्रेयांकांचे स्थान दिल्यामुळे अशा उमेदवारीची मागणीही वाढली. तिच्यासाठी जे विषय पुढे येत आहेत त्यांत एक विषय नावानेच अनेकांना बुचकळ्यात टाकणारा आहे : जैवविविधतेचे अर्थकारण. बेडूक, बांबू, देवराई आणि दगडफूल यांचा पैशाशी संबंध काय, आणि तो हिशेब घरबसल्या कसा शिकता येतो, हे दोन्ही प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनी विचारावेत असेच आहेत.

पैसा कोठून येतो, कोठे जातो

रिओ येथे १९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या जैवविविधता कराराने तीन उद्दिष्टे ठरविली : जीवसृष्टीचे रक्षण, तिचा टिकाऊ वापर आणि त्या वापरातून होणाऱ्या लाभाची न्याय्य वाटणी. उद्दिष्टे थोर होती. तिजोरी मात्र रिकामी होती. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्ग मानवाला वर्षभरात जी सेवा फुकट देतो तिचे मोल सुमारे ३३ लाख कोटी डॉलर असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. तेव्हाच्या साऱ्या जगाच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाहून हा आकडा कितीतरी मोठा होता. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी अनाठायीही नव्हती. तरीही जे फुकट मिळते त्याची नोंद नसते, आणि ज्याची नोंद नसते त्याच्या नाशाचाही खर्च कोठे मांडला जात नाही, ही गोष्ट त्या आकड्याने अर्थशास्त्र्यांपुढे आणली. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात पार्थ दासगुप्ता यांनी हाच मुद्दा पुढे नेऊन निसर्ग ही एक मत्ता आहे आणि आपण व्याजाऐवजी मुद्दलच खात आहोत, अशी मांडणी केली.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी जो आराखडा स्वीकारला त्यात हा हिशेब आकड्यांत उतरला. जैवविविधतेसाठी लागणारा आणि प्रत्यक्ष मिळणारा पैसा यांतील वार्षिक तूट ७०० अब्ज डॉलर धरण्यात आली. २०३० पर्यंत सर्व मार्गांनी मिळून दरसाल २०० अब्ज डॉलर उभे करावेत आणि निसर्गाला अपाय करणारी अनुदाने दरसाल किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करावीत, असे लक्ष्य ठरले. या दोन आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. नवा पैसा उभा करण्यापेक्षा चुकीच्या दिशेने जाणारा पैसा थांबविणे हे मोठे काम आहे, अशी ती कबुलीच होय.

भारतात या कामाची चौकट २००२ च्या जैविक विविधता कायद्याने घातली. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात मंडळ आणि गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी तिची त्रिस्तरीय रचना आहे. २०२४ मध्ये भारताने सादर केलेल्या सुधारित राष्ट्रीय कृती आराखड्यात २०२९-३० पर्यंत या कामासाठी दरसाल सरासरी ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम लागेल असा अंदाज आहे. हा पैसा केवळ वनखात्याकडून येणार नाही. पाटबंधारे, शेती, मत्स्यव्यवसाय, ग्रामविकास अशा अनेक खात्यांच्या अंदाजपत्रकांत तो विखुरलेला असतो आणि प्रथम तो शोधून काढावा लागतो.

नेमके येथेच उमेदवाराचे काम सुरू होते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबादच्या जागतिक परिषदेत ‘बायोफिन’ हा उपक्रम सुरू केला. त्याची पद्धत कोणत्याही जुन्या लेखापालाला ओळखीची वाटेल. प्रथम धोरणे आणि संस्था तपासायच्या. मग प्रत्यक्ष खर्च पाहायचा. नंतर गरज मोजायची. आणि शेवटी तूट भरून काढण्याच्या वाटा सुचवायच्या. खर्च पाहताना अंदाजपत्रकातील एकेक लेखाशीर्ष वाचून त्यातला किती हिस्सा खरोखर जैवविविधतेच्या कामी येतो याची टक्केवारी ठरवावी लागते. अभयारण्याच्या कुंपणाचा खर्च सरळ आहे. परंतु पाणलोट विकासाचा किती भाग धरायचा? रासायनिक खतावरील अनुदान कोणत्या बाजूला लिहायचे? हे चिकाटीचे आणि विचाराला खाद्य देणारे काम आहे. ते संगणकावर, घरी बसून, उत्तम होऊ शकते याबद्दल शंका नको.

दूरत्वाचा लाभ

दूरस्थ उमेदवारीला सरसकट नावे ठेवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. आंतरराष्ट्रीय संस्थांतील उमेदवारी ही दीर्घकाळ सधनांच्या मुलांची मिरास होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयातील आंतरवासिता परंपरेने बिनपगारी. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक उमेदवार जिनिव्हात भाडे परवडत नाही म्हणून तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली. या प्रश्नाकडे लक्ष वेधावे म्हणून आपण तसे केले, असे त्याने पुढे सांगितले. पण त्यामुळे प्रश्न खोटा ठरत नाही. ज्याच्या बापाला सहा महिन्यांचे जिनिव्हाचे किंवा दिल्लीचे भाडे भरता येत नाही, त्याला ती दारे बंदच होती. घरबसल्या उमेदवारीने हे भाडे वाचविले. ज्या मुलीला परगावी पाठवायला घर तयार नसते, जो विद्यार्थी दिवसा नोकरी करून शिकतो, ज्याला शारीरिक अपंगत्वामुळे प्रवास दुष्कर आहे, अशांना तिने प्रथमच वाव दिला.

मात्र एक भाडे वाचले म्हणून श्रमाचे मोल उरले नाही, असे होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यातील किंवा कचेरीतील शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. आंतरवासितेच्या नावाखाली काम करणारा तरुण बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्या हाती शेवटी पडते ते प्रमाणपत्र. तो घरी बसलेला असल्यामुळे त्याचे तास कोणी मोजत नाही, त्याची वीज आणि त्याचे इंटरनेट त्याच्याच खर्चाचे असते, आणि त्याने तयार केलेल्या तक्त्यावर त्याचे नाव असेलच असेही नाही. जुन्या पेढीवर मालक उमेदवाराला निदान डोळ्यांसमोर पाहत होता. पडद्यावरचा उमेदवार हा पत्त्यापुरता उरतो. त्याला शिकविले नाही तरी कोणाच्या मनाला टोचत नाही. पर्यावरणीय न्यायाची भाषा बोलणाऱ्या संस्थांनी न्यायाचा आरंभ आपल्या दूरच्या उमेदवारापासून करावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

कागदावरचे गाव

याहून गंभीर आक्षेप ज्ञानासंबंधीचा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशात उपलब्ध आहे. २००२ च्या कायद्याने प्रत्येक गावसमितीला ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करण्याचे काम दिले. गावात कोणते वाण पेरले जातात, कोणते मासे कोणत्या डोहात मिळतात, कोणती वनस्पती कोणत्या दुखण्यावर वापरतात, कोणत्या गोष्टी गेल्या पिढीत होत्या आणि आता नाहीत, हे गावकऱ्यांशी बोलून लिहायचे असते. २०१६ पर्यंत देशभरात अशा नोंदवह्या दीड हजारही झाल्या नव्हत्या. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरे न करणाऱ्या राज्यांना त्यापुढे दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असा आदेश ऑगस्ट २०१९ मध्ये झाला. आणि पाहता पाहता नोंदवह्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. दीडदोन दशकांत जे झाले नव्हते ते काही महिन्यांत झाले.

ते कसे झाले असेल याची कल्पना सरकारी दप्तराशी परिचय असलेल्या कोणालाही करता येईल. खरी नोंदवही करायला वर्षाचे सर्व ऋतू लागतात. पावसाळ्यातली रानभाजी उन्हाळ्यात विचारून भागत नाही, आणि स्थलांतर करून येणारा पक्षी समितीच्या बैठकीच्या दिवशी हजेरी लावत नाही. घाईने भरलेल्या वहीत शेजारच्या गावची यादी उतरली तर नवल नाही. गावात पाऊल न टाकता गावाचे ज्ञान लिहिणे, ही दूरस्थ उमेदवारीची सर्वांत वाईट आवृत्ती. संगणकावर बसलेला हुशार विद्यार्थी अशा वह्यांच्या आधारे तक्ते करील, तक्त्यांच्या आधारे अहवाल होतील आणि अहवालांच्या आधारे पैशाचे वाटप ठरेल. पाया पोकळ असला तर वरचा मजला कितीही सुबक असून उपयोग काय?

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९७० च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला तो पायी हिंडून, देवस्थानच्या गुरवाशी आणि गावच्या वृद्धांशी बोलून. देवराईतील वृक्ष कोणते, हे वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातून सांगता येईल. ती अमुक गावात टिकली आणि शेजारच्या गावात तुटली याचे कारण मात्र गावातच सापडते. अर्थकारणाच्या दृष्टीने हे कारणच महत्त्वाचे असते.

गावच्या खात्यावरचा पैसा

या नोंदवह्यांवर आता खरा पैसा अवलंबून आहे. जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा, असे कायदा सांगतो. देशी कंपन्यांनाही हे बंधन लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत वैद्य, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान इत्यादींना काही सवलती दिल्या आणि कारावासाऐवजी दंड आणला. त्यावर मतभेद आहेत. २०२५ च्या विनियमांनी वार्षिक उलाढालीच्या पायऱ्या ठरवून पाच कोटींपर्यंत सूट आणि त्यापुढे ०.२ ते ०.६ टक्के असा वाटा निश्चित केला.

हे टक्के क्षुल्लक वाटतील. पण २०२५ मध्येच फलटण तालुक्यातील साखरवाडी आणि हवेली तालुक्यातील कुंजीरवाडी या गावांच्या समित्यांना राष्ट्रीय प्राधिकरणाने प्रत्येकी साडेपंचेचाळीस लाख रुपये दिले. उत्तर प्रदेशातील एका समितीलाही तेवढीच रक्कम मिळाली. कारण काय, तर माती आणि कारखान्यातील सांडपाणी यांच्या नमुन्यांतून मिळालेले सूक्ष्मजीव एका कंपनीने उत्पादनासाठी वापरले. ना वाघ, ना चंदन, ना दुर्मिळ फूल. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनी गावाच्या खात्यावर लाखांची रक्कम जमा केली! ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याने हे स्वप्नातही आणले नसेल.

असा पैसा आला की पुढचा प्रश्न उभा राहतो. कायद्यानुसार या स्थानिक निधीचा विनियोग जैवविविधतेचे संवर्धन आणि त्याच्याशी सुसंगत असा गावाचा लाभ यांसाठी व्हावयाचा आहे. त्याचे हिशेब ठेवायचे आहेत, ते तपासून घ्यायचे आहेत, वार्षिक अहवाल द्यायचा आहे. देशात अशा समित्या पावणेतीन लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या किती समित्यांच्या सभासदांना आपण समितीवर आहोत हे ठाऊक असेल? ज्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यावर दाखल्यांपासून पाणीपट्टीपर्यंत सर्व भार आहे, त्याच्याकडून सूक्ष्मजीवांच्या लाभवाटपाचा अभ्यास अपेक्षिणे निर्दयपणाचे आहे. अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा वाणिज्य शिकलेल्या तालुक्यातल्याच तरुणाची खरी गरज येथे आहे.

उमेदवार कोठे बसावा?

मग मार्ग कोणता? उमेदवारी दूरस्थ असावीच. परंतु ते दूरत्व कचेरीपासूनचे असावे, रानापासूनचे नसावे. मार्गदर्शक चेन्नईत, नागपूरच्या राज्य मंडळात किंवा आणखी दूर असू द्यावा. उमेदवाराने मात्र आपल्या तालुक्यात राहावे, आठवड्यातले काही दिवस गावात जावे आणि उरलेले दिवस संगणकावर काम करावे. संगणकाने गुरूला जवळ आणावे. वस्तूला दूर लोटू नये. असा प्रयोग अगदीच अभूतपूर्व नाही. २२ मे २०२० रोजी, जैवविविधता दिनी, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी प्राधिकरण आणि विकास कार्यक्रम यांच्या संयुक्त आंतरवासिता योजनेची घोषणा केली. तीत वीस पदव्युत्तर विद्यार्थ्यांची निवड इंटरनेटवरून करून त्यांनी वर्षभर राज्य मंडळांना साहाय्य करावे अशी कल्पना होती. कल्पना योग्य दिशेची होती. संख्या मात्र एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने मूठभर होती.

महाविद्यालयांनी मनावर घेतले तर ही मूठ मोठी होऊ शकते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून विद्यार्थ्यांना खेड्यांत नेत आहे. तिच्या शिबिराला श्रेयांकित उमेदवारीची जोड देता येईल. एका महाविद्यालयाने आपल्या परिसरातील दहा गावे घ्यावीत. एका तुकडीने नोंदवही ऋतूमागून ऋतू तपासावी. दुसरीने ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्या अंदाजपत्रकांतील संबंधित शीर्षे शोधावीत. नोंद मराठीत व्हावी आणि स्थानिक नावांनी व्हावी, म्हणजे ती गावसभेत वाचून दाखविता येईल. वैदूचे किंवा सुईणीचे ज्ञान लिहिताना त्यांची संमती घ्यावी. जे उघड करू नये असे त्यांना वाटते ते संगणकाच्या जाळ्यात टाकू नये. अन्यथा रक्षणासाठी केलेली नोंदच लुटीचा नकाशा ठरावयाची.

विद्यावेतनाचा पैसा कोठून आणावा, हा व्यावहारिक प्रश्न उरतो. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये जनुक कोश प्रकल्पासाठी पाच वर्षांकरिता १७२ कोटींहून अधिक रकमेस मंजुरी दिली. अशा प्रकल्पांत उमेदवारांसाठी वेगळे शीर्ष असू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्याखालील सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात पर्यावरण आणि जीवसृष्टीचे रक्षण बसते. लाभवाटपाच्या रकमेतूनही समितीला गावच्याच पदवीधराला मानधन देता यावे, यासाठी नियमांत स्पष्टता आणता येईल.

यात अशक्य काही नाही याची साक्ष महाराष्ट्राचा इतिहासच देतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, आणि तिच्यासाठी शहरातील पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. आजही शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची आणि फेब्रुवारीत तीनशेची ती वजावट दिसते. मुंबईतल्या कचेरीतला पगार आणि दुष्काळी गावातली खडी यांना जोडणारा तो धागा होता. त्या काळी ‘हरित अर्थकारण’ हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. तरीही नालाबांधांची आणि मृदसंधारणाची कामे त्या पैशातून झाली. शहराच्या मिळकतीतून गावाच्या भूमीचे ऋण फेडण्याची कल्पना या मातीला परकी नाही.

अखेर एक मर्यादाही ओळखली पाहिजे. प्रत्येक गोष्टीला किंमत चिकटविणे म्हणजे तिचे मोल जाणणे नव्हे. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या पिलांमुळे घराघरांत पाहुणे येतात, कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क जमा होते. हे चांगलेच आहे. परंतु ज्या देवराईला पर्यटक नाही आणि ज्या बेडकाला ग्राहक नाही, त्यांचा जगण्याचा हक्क जमाखर्चाने ठरत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. जंगल आपले आहे ही भावना तेथे आधी होती, पैसा नंतर आला. हा क्रम पडद्यावरच्या तक्त्यात कोठेही लिहिलेला नसतो. तो समजण्यासाठी उमेदवाराला गावसभेच्या सतरंजीवर, पूर्वी पेढीवर बसत असे तसे, पहिले काही महिने नुसते बसावे लागेल. तसे बसण्याची सोय, आणि त्या बसण्याचे योग्य विद्यावेतन, या दोन गोष्टी करणे विद्यापीठे आणि शासन यांच्या हाती आहे.